अचला भूमीचे वजन

पृथ्वीस नावे देण्याच्या कामी आपल्या पूर्वजांनी कंजुषी केलेली नाही. लहानपणी अमरकोश पाठ केलेल्या वाचकांस ती नावांची माळ स्मरत असेलच. तीत ‘वसुंधरा’ हे नाव आहे, म्हणजे धन पोटात बाळगणारी. आणि ‘अचला’ व ‘स्थिरा’ हीही आहेत, म्हणजे कधी न हलणारी. यांपैकी पहिल्या नावाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. दुसऱ्या दोहोंवर मात्र आपण सर्वांनी जरा अधिकच भरवसा टाकला आहे, असे आम्हांस वाटते. घर बांधावयाचे झाले तर आपण गवंड्याची चौकशी करतो, लाकूड पारखून घेतो, मुहूर्त पाहतो. पण ज्या भूमीवर ते घर उभे राहावयाचे ती आतून कशी आहे, हा प्रश्न शंभरांतील एकाच्या तरी मनात येतो काय? जोते बांधून झाले की खालच्या जगाशी आपला संबंध संपला.

ह्या खालच्या जगाची विचारपूस करण्याचे जे थोडे मार्ग शास्त्रज्ञांस सापडले आहेत, त्यांपैकी एक म्हणजे भूमीची ओढ ठिकठिकाणी मोजणे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटत होता. परंतु भंडारा जिल्ह्यात आमचे आप्त असल्यामुळे तिकडे वरचेवर जाणे होते, आणि त्या जिल्ह्याचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार आढळू लागल्यावर आमचे कुतूहल जागे झाले. भारताचे द्वीपकल्प ज्या अतिप्राचीन शिलाखंडांचे बनले आहे, त्यांपैकी एकास देशोदेशींचे अभ्यासक ‘बस्तर क्रॅटन’ किंवा ‘भंडारा क्रॅटन’ म्हणतात. क्रॅटन म्हणजे भूकवचाचा असा जुना व घट्ट तुकडा की जो अब्जावधी वर्षे फारसा न मोडता टिकून राहिला आहे. ज्या गावाचे नाव आपण तांदळाच्या पोत्यावर किंवा पितळी घागरीच्या संदर्भात ऐकले, ते नाव अशा ठिकाणी वाचले की माणूस दोन घटका थांबतो.

नागपुराहून पूर्वेस साठेक किलोमीटर गेले की वैनगंगेच्या काठी भंडारा लागते. सह्याद्रीपासून पसरत आलेला काळा पाषाण नागपूरच्या आसपास संपतो, आणि पुढे त्याहून कितीतरी पुरातन अशा खडकांचा प्रदेश सुरू होतो. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांस डोंगर म्हटला की पायऱ्यापायऱ्यांचा, सपाट माथ्याचा डोंगर आठवतो. भंडाऱ्याकडे तसे नाही. तेथे भातखाचरे, कोहळी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मोठमोठे तलाव, आणि मधूनच जमिनीतून वर आलेल्या अरुंद टेकड्यांच्या ओळी दिसतात. साकोली ह्या गावावरून तेथील खडकांच्या एका मालिकेस ‘साकोली समूह’ हे नाव पडले आहे. ह्याच भागात कायनाइट नावाचे निळसर खनिज मिळते. ते भूगर्भात खोलवर, फार मोठ्या दाबाखाली तयार होते. म्हणजे आज जे खडक उन्हात पडलेले दिसतात ते कधी काळी अनेक किलोमीटर खाली होते. जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील खडक ‘सौसर’ मालिकेतले. फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हिंदुस्थानातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील एका मँगनीजयुक्त खडकास त्याने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि तेच नाव आज जगभर चालते.

तुमसरकडे आमच्या मावशींच्या घरी पापड वाळत घातले म्हणजे चादरीच्या चारही कोपऱ्यांवर काळे धोंडे ठेवण्याचा प्रघात आहे. त्यांतील एक धोंडा आम्ही सहज उचलावयास गेलो, तो मनगट खाली गेले. आकाराने नारळाएवढा, पण वजन अपेक्षेच्या दीडपट. तो मँगनीजचा होता. साधा ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो, आपल्याकडचा काळा पाषाण २.९ पट, आणि चांगले मँगनीजचे खनिज चौपट किंवा त्याहूनही अधिक. मातीची घागर आणि पितळेची घागर एकाच मापाची असली तरी उचलणाऱ्याच्या कमरेस फरक कळतो. तसाच हा प्रकार. सर्व गुरुत्वमापनाचे मूळ ह्या एवढ्या अनुभवात आहे. जड वस्तू नुसती स्वतः जड असते असे नाही, ती आसपासच्या वस्तूंस अधिक ओढतेही. ज्या जमिनीखाली मँगनीजसारखे जड खनिज पुरलेले आहे, त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन शेजारच्या शेतापेक्षा यत्किंचित अधिक भरते.

पृथ्वी आपल्याकडे पदार्थ ओढून घेते, ही गोष्ट आपल्याकडे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धांतशिरोमणी’त लिहून ठेवली आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते व ते अभिमानाने सांगतातही. अभिमान योग्यच आहे. तथापि ही ओढ सर्वत्र सारखी नाही, ती कोठे किती कमीजास्त आहे व त्यावरून काय समजते, हे सांगण्यासाठी मोजणी करावी लागते. आणि मोजणीचे हे काम अनेकांनी, अनेक पिढ्या, उन्हातान्हात हिंडून केले आहे. त्या कष्टांची कथा आपल्या घरांतून क्वचितच सांगितली जाते, म्हणून ती येथे थोडक्यात सांगतो.

रीशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढ कमी, म्हणून लंबक मंद झाला, हे पुढे न्यूटनने उलगडून दाखविले. त्यानंतर १७३८ मध्ये बूगेर ह्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंडीज पर्वतातील चिंबोराझो शिखराजवळ ओळंबा सोडून पाहिला. एवढा मोठा पर्वत शेजारी असता ओळंबा त्याच्याकडे किंचित कलावा, असे गणित होते. तो कलला, पण अपेक्षेहून फारच थोडा. बूगेरचे नाव आजही ह्या शास्त्रात रोज घेतले जाते, ते त्याने घालून दिलेल्या हिशेबाच्या पद्धतीमुळे.

हाच प्रश्न पुढे आपल्या देशात अधिक तीव्रतेने उभा राहिला. १८०२ मध्ये कर्नल लँबटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीने सर्व हिंदुस्थान मापण्याचे कार्य आरंभिले. दक्षिणेकडून उत्तरेस, रेखांशाच्या एका रेषेला धरून, टेकडीटेकडीवर यंत्रे चढवीत हे काम वीस वर्षे चालले. हैदराबादेहून नागपुरास येत असता १८२३ च्या जानेवारीत, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लँबटन यांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. त्यांच्यामागून एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. तेथे एक अडचण उपस्थित झाली. मध्य हिंदुस्थानातील सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना, ह्या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील अंतर त्रिकोणांवरून एक येई, तर ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरे. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांचा होता. आजच्या पाटबंधाऱ्याच्या मोजणीत अशी चूक झाली तर कालवा भलत्याच गावी जाईल.

ही चूक मोजणाऱ्यांची नव्हती. ताऱ्याचा वेध घेताना ‘खाली’ म्हणजे कोणती दिशा हे ओळंबाच सांगतो, आणि उत्तरेकडे हिमालयासारखा पर्वत असता ओळंबा तिकडे ओढला जाणार. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट हे धर्मोपदेशक असून गणितात पारंगत होते. हिमालयाच्या दृश्य आकारावरून त्याची ओढ किती असावी, हे त्यांनी काढले. उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट! हिमालय असावा तितका ओढतच नाही, असा त्याचा अर्थ झाला. मग तो आतून पोकळ आहे की काय?

प्रॅट यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८५५ मध्ये, इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनी अवघ्या काही पानांत एक उत्तर सुचविले. हौदात जाड व पातळ लाकडी फळ्या सोडून पाहाव्या. जी फळी पाण्यावर अधिक उंच दिसते तीच पाण्याखालीही अधिक खोल बुडालेली असते. पर्वतांचेही तसेच आहे. भूकवच खालच्या अधिक जड थरावर तरंगते आहे. जेथे पर्वत उंच तेथे त्याचे मूळही खोल, आणि ते मूळ आसपासच्या जड द्रव्याच्या मानाने हलके असल्यामुळे एकंदर ओढ कमी पडते. प्रॅट यांस हे पटले नाही. १८५९ मध्ये त्यांनी दुसरी कल्पना मांडली: सर्व स्तंभांची खोली सारखीच, पण जो स्तंभ उंच त्याचे द्रव्य विरळ, कणीक तीच, पण एक पोळी फुगलेली व दुसरी न फुगलेली, असे काहीसे. गंमत अशी की, त्या काळी उपलब्ध असलेल्या मोजणीने ह्या दोन्ही कल्पनांचे समाधान होत होते. हिमालयापुरता एअरी यांचा पक्ष खरा ठरण्यास भूकंपलहरींचा अभ्यास पुढे यावा लागला. त्यावरून कळले की, इतरत्र भूकवचाची जाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर असते, तर हिमालय व तिबेट यांच्याखाली ती सत्तरच्या घरात जाते. वाचकांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

मोजणीचे काम पुढे चालूच राहिले. कॅप्टन बसेवी यांनी १८६५ पासून लंबकाची जोडी घेऊन कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत निरीक्षणे केली. लडाखच्या उंच पठारावर ओढ मोजून पुढे जात असता १८७१ मध्ये, थंडीने व श्रमाने खंगून, त्यांनी देह ठेवला. १९०१ मध्ये बरार्ड यांनी ओळंब्यांच्या कलांवरून असे अनुमान केले की, मध्य हिंदुस्थानाच्या खाली, जबलपुरावरून जाणारी, जड द्रव्याची एक गुप्त पर्वतरांग असली पाहिजे. डोळ्यांस न दिसणारी ही रांग त्यांनी केवळ दोरीला टांगलेल्या शिशाच्या साहाय्याने शोधली! १९३२ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाच्या ग्लेनी यांनी ‘गुरुत्वाचे विचलन आणि भूकवचाची रचना’ ह्या विषयावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, गुप्त पर्वत वगैरे कल्पिण्याचे कारण नाही. भूकवचास मोठमोठ्या वळ्या पडल्या आहेत; जेथे वळी वर उचलली तेथे खालचा जड थर पृष्ठाजवळ येतो व ओढ वाढते, जेथे ती खाली दबली तेथे ओढ घटते. निरीक्षणे जवळजवळ तीच, पण अर्थ निराळा.

आता ही ओढ प्रत्यक्ष मोजतात कशी? सोनाराच्या तागडीने ती कळावयाची नाही, कारण एका पारड्यातील सोने जितके जड होईल तितकीच दुसऱ्या पारड्यातील वजनेही जड होतील. त्यासाठी स्प्रिंगचा काटा पाहिजे. अमेरिकेतील लाकोस्त यांनी १९३४ मध्ये ह्या कामी येणारी एक विशेष स्प्रिंग योजिली, आणि पुढे लंबकाचे अवजड सामान मागे पडून डब्याएवढी यंत्रे प्रचारात आली. त्यांची सूक्ष्मता काय वर्णावी! ओढ मोजण्याचे लहान परिमाण ‘मिलिगॅल’ हे आहे, आणि ते एकंदर ओढीचा जवळजवळ दहा लक्षांवा भाग होय. साठ किलो वजनाच्या माणसाच्या वजनात एक मिलिगॅलने जो फरक पडतो तो तांदळाच्या तीन दाण्यांइतका. लंबकाचे घड्याळ एवढ्या फरकाने सुमारे तेवीस दिवसांत एक सेकंद चुकेल. आजची यंत्रे ह्या मिलिगॅलचाही शंभरावा भाग दाखवितात.

परंतु यंत्र चांगले असून भागत नाही. पृथ्वीच्या मध्यापासून जितके दूर जावे तितकी ओढ कमी होते. मीटरभर उंचीस सुमारे ०.३ मिलिगॅल, म्हणजे आपण ओटीवरून माडीवर गेलो की ते तांदळाचे तीन दाणे कमी झाले. म्हणून जेथे यंत्र ठेवावयाचे त्या प्रत्येक जागेची उंची काटेकोर मोजावी लागते. अक्षांशाचा हिशेब वेगळा, मधल्या खडकाच्या थराचा वेगळा, शेजारच्या टेकडीचा वेगळा. सूर्यचंद्रांच्या ओढीने जशी समुद्रास भरती येते तशी ती ह्या यंत्रासही जाणवते. तीही वजा करावी लागते. त्यातून स्प्रिंग दिवसभरात थोडी सैलावते, म्हणून पथकास पुनःपुन्हा सकाळच्या पहिल्या जागी परतून यंत्र पडताळावे लागते. हे सर्व उणेअधिक करून जी बाकी उरते ती भूगर्भाची. घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणींस हे काम कोणत्या जातीचे आहे ते सहज कळेल.

अशा सहस्रावधी निरीक्षणांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने १९७५ मध्ये भारताचे गुरुत्वनकाशे प्रसिद्ध केले. डोंगरनद्यांचा नकाशा आपण पाहतो, तसाच हा न दिसणाऱ्या चढउतारांचा नकाशा. त्यात भंडाऱ्याच्या प्रदेशास विशेष महत्त्व आहे, ते असे. बहुतेक अभ्यासकांचे मत आहे की, भारताचे द्वीपकल्प मूळचे अखंड नाही. उत्तरेकडचा बुंदेलखंडाचा शिलाखंड आणि दक्षिणेकडचा बस्तर-भंडाऱ्याचा शिलाखंड हे एके काळी वेगळे होते. ते एकमेकांवर आदळून जोडले गेले. ही जोड शंभर कोटी वर्षांपूर्वीची की त्याच्याही कितीतरी आधीची, ह्याविषयी अजून वाद चालू आहे. हिला ‘मध्य भारतीय सांधा’ म्हणतात, आणि ती भंडारा-बालाघाटच्या भागातून, एका बाजूस सौसरचे व दुसऱ्या बाजूस साकोलीचे खडक ठेवून जाते. सांध्याच्या दोन्ही अंगांस भूमीची ओढ सारखी नाही. एका कापडास दुसऱ्या जातीचे कापड शिवले असता हाताला जसा फरक लागतो तसा तो लागतो. शिवनी जिल्ह्यातील मुंगवानीपासून राजनांदगावपर्यंत भूकंपलहरी पाठवूनही हा भाग पारखण्यात आला. तेथे भूकवचाची जाडी चाळीस किलोमीटरांहून अधिक भरली, आणि सांध्याच्या दोन बाजूंचे खोल थर परस्परविरुद्ध दिशांना उतरत असल्याचे दिसले. तुमसरहून साकोलीस जाताना गाडीत डुलकी घेणारा प्रवासी दोन प्राचीन भूखंडांच्या शिवणीच्या आसपास डुलत असतो, हे त्यास कोण सांगणार?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग भूगर्भ आता हातावरच्या आवळ्यासारखा दिसू लागला म्हणावयाचा! तसे मात्र नाही. बांधलेले गाठोडे काट्यावर ठेवले तर त्याचे वजन कळते, आत धोतरे आहेत की भांडी हे कळत नाही. गुरुत्वमापनाचे हेच वैगुण्य होय. थोड्या खोलीवरचा लहान जड गोळा आणि पुष्कळ खोलीवरचा मोठा जड गोळा वर जवळजवळ सारखीच ओढ दाखवू शकतात. प्रॅट आणि एअरी, बरार्ड आणि ग्लेनी यांचे मतभेद ह्यातूनच उद्भवले. म्हणून ह्या साक्षीदाराची साक्ष खरी असली तरी एकट्या त्याच्यावर निकाल देता येत नाही; दुसरा साक्षीदार पाहावा लागतो.

आमच्या मावशींच्या घरी हा प्रश्न अगदी घरगुती स्वरूपात निघाला होता. शेतात नवी विहीर घ्यावयाची होती. वडील बंधूंचा भरवसा पाणाड्यावर, तर धाकट्यांचे म्हणणे यंत्रवाल्यांस आणावे. दोघांत आठवडाभर अबोला. अखेर मावशींनी आम्हांसच विचारले, “काय रे, तू त्या जमिनीच्या वजनाचे वाचतोस ना? मग त्याने पाणी कुठे आहे ते सांगता येईल का?” आम्हांस प्रांजळपणे सांगावे लागले की, ह्या कामी त्या वजनाचा एकट्याने उपयोग नाही, कठीण खडकातील पाणी भेगांतून व झिजलेल्या थरातून असते, त्यासाठी जमिनीतून विजेचा प्रवाह सोडून तिचा विरोध मोजतात आणि शेजारच्या विहिरींची पातळी पाहतात, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिला विचारावे. त्याप्रमाणे विचारले, विहीर खणली, पाणीही लागले. पण ती जागा पाणाड्याने दाखविलेल्या झाडापासून पन्नास पावलांवर निघाली, आणि दोन्ही बंधू आजवर आपापलाच विजय झाल्याचे सांगतात! एकत्र कुटुंबात ह्याहून स्पष्ट निकाल लागत नसतो. पण मावशींच्या प्रश्नात ह्या शास्त्राची मर्यादा अचूक सापडली होती.

विहीर चुकली तर काही हजार रुपये व एका उन्हाळ्याचे श्रम वाया जातात. भूमीविषयीचा गैरसमज याहून महाग पडू शकतो. दख्खनचे पठार म्हणजे अचल, तेथे भूकंप व्हावयाचे नाहीत, असे एके काळी शाळेत शिकविले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणपती बोचवून लोक नुकतेच निजले असता, किल्लारी व आसपासची गावे कोसळली व दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २२ मे १९९७ रोजी जबलपुराजवळ भूकंप झाला. जबलपूर भंडाऱ्याच्या उत्तरेस, मध्ये सातपुडा. आणि ह्या भूकंपाचे मूळ सुमारे पस्तीस किलोमीटर खोल, म्हणजे भूकवचाच्या जवळजवळ तळाशी होते. इतक्या जुन्या, थंड झालेल्या भूमीत एवढ्या खोलीवर भूकंप व्हावा, ह्याचे अभ्यासकांस मोठे नवल वाटले. ज्या मध्यप्रदेशाखाली बरार्ड यांनी १९०१ मध्ये गुप्त रांग कल्पिली होती, तेथेच भूमीने हालचाल करून दाखविली.

कोयनेच्या भूकंपानंतर गुरुत्वनकाशांकडे नव्याने पाहण्यात आले. कोयना ते कुर्डुवाडी ह्या पट्ट्यात ओढ कमी भरते. त्यावरून १९७३ मध्ये अशी कल्पना पुढे आली की, काळ्या पाषाणाखाली एक खचलेली दरी गाडलेली आहे. कल्पना आकर्षक होती व पुष्कळांस पटली. पुढे कोयना परिसरात खोल भोके पाडून पाहिले, तेव्हा नऊशे-हजार मीटर काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइट लागला. खचदरीत सापडावयाचे गाळाचे थर मिळाले नाहीत. ओढीची मोजणी खोटी नव्हती. तिचा एक अर्थ मागे पडला, आणि दुसरा शोधण्याचे काम चालू आहे. जो अभ्यास आपल्याच अनुमानास भोक पाडून तपासतो, त्याच्यावर आमचा विश्वास वाढतो. भूकंप अमुक तिथीस होईल असे हा अभ्यास सांगत नाही, आणि कोणी सांगत असल्यास त्याच्या नादी लागू नये. भूकवचात सांधे व दुबळ्या जागा कोठे असाव्यात, ह्याचा अंदाज मात्र तो देतो.

अलीकडे हे काम आकाशातूनही होऊ लागले आहे. २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह एकामागून एक जात. ओढ वाढली की पुढचा जरा पुढे खेचला जाई, आणि दोहोंमधील अंतर बदले. त्यावरून २००९ मध्ये असे दाखविण्यात आले की, पंजाब, हरियाणा व राजस्थान येथील भूमीची ओढ वर्षानुवर्षे घटत आहे, कारण तेथील लोक जमिनीखालचे पाणी उपसून संपवीत आहेत. भूमीचे वजन आपल्या बादलीनेही कमी होते! भंडाऱ्याचे जुने तलाव गाळाने भरू देणाऱ्यांनी ह्या वार्तेचा विचार करावा.

आता आपल्या गृहस्थाश्रमी वाचकांनी ह्या सर्वांतून घ्यावयाचे काय, ते सांगून आवरतो. किल्लारीस माणसे मेली ती मुख्यत्वे घरांमुळे: जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या, आणि वर मातीचे भारी माळवद. भूमी हलली ती काही क्षण. घातक ठरले ते आपणच डोक्यावर रचून ठेवलेले वजन. भंडाऱ्याकडची लाकडी सांगाड्याची, कवेलूंची जुनी घरे ह्या बाबतीत पुष्कळ बरी होती. पण ती पाडून त्या जागी जी नवी घरे उठत आहेत त्यांत जोत्याशी आणि दारेखिडक्यांच्या माथ्याशी सलग सिमेंटचा पट्टा आहे की नाही, छपराचा भार बेताचा आहे की नाही, हे घरच्या कर्त्या माणसाने स्वतः विचारावे. मुहूर्तास जितका वेळ देतो तितका ह्या प्रश्नास दिला तरी पुरे. आपले गाव फार जुन्या व स्थिर खडकावर आहे, एवढ्याने निश्चिंत राहू नये.

आणि मुलांस सुटीत कोठे न्यावे असा प्रश्न पडेल तेव्हा एकदा हिंगणघाटास लँबटन यांची समाधी दाखवावी, तेथून भंडाऱ्याकडे जावे, तुमसरला मँगनीजचा एखादा धोंडा त्यांच्या हाती द्यावा, आणि शेजारी त्याच मापाचा साधा दगड. दोहोंतील फरक का, हे मुलांनी विचारले म्हणजे उत्तर द्यावे. ते उत्तर पुढे त्यांस कोठवर नेईल ते आज सांगता येत नाही. एखाद्या घरी एवढे झाले तरी आमच्या ह्या लेखाचे श्रम सार्थकी लागले, असे आम्ही समजू.